हबेस

"नाव?" मी मान वर न करता विचारलं.

"हुसेन परकार. दाभोळ."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. अठरा वर्षं मी हे नाव शोधत होतो, आणि ते आपल्या पायांनी चालत येऊन माझ्या रांगेत उभं राहिलं होतं. दाढी पांढरी झाली होती, डावा खांदा उतरला होता. डोळे मात्र तेच, समोरच्याला जोखणारे. त्याने मला ओळखलं आणि ओळखलं नाही असं नाटकही केलं नाही.

"बुधाजी," तो म्हणाला, "काम आहे काय?"

सन बासष्टची ही गोष्ट. मुंबई बंदरातल्या दारूखान्यात बोटी तोडणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी मुकादम होतो. थकलेल्या बोटी भरतीच्या पाण्यावर चिखलात चढवायच्या, गॅसने कापायच्या आणि पत्रा पत्रा वेगळा करायचा, असा तो धंदा. माझ्या हाताखाली साठ माणसं होती आणि साठच्या साठ माझ्या तोंडाला भीत. माझं डोकं तापट आहे, ते मी कधी लपवलं नाही. असगोलीच्या पालशेतकरांच्या घरात थंड डोक्याचा एकच माणूस जन्माला आला, माझा थोरला भाऊ नारू. त्याला या परकाराने मारलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "तुझ्यासाठी राखूनच ठेवलंय."

त्याने मागे वळून चिखलात रुतलेल्या बोटीकडे पाहिलं. "तीच ना ही?"

"तीच."

त्या बोटीचं नाव तोवर तीनदा बदललं होतं, पण आम्ही खलाशी तिला पाट म्हणायचो. ती मुळातली धान्याची बोट, विलायतेत बांधलेली. लढाई लागली तेव्हा सरकारने तिच्या डोलकाठ्या उतरवल्या, वरचं सगळं साफ केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सपाट डेक चढवला. जेवायला मांडलेला पाट असावा तशी दिसायची, म्हणून पाट. त्या डेकवरून विमानं उडायची. चार विमानं, चार तोफा आणि पोटात पुन्हा धान्य आहेच. मालाच्या बोटींचा तांडा निघाला की ही मध्ये चालायची आणि हिची विमानं पाणबुड्या हुडकत फिरायची. अकरा तांडे तिने सुखरूप पोचवले. मग पूर्वेला आली, तिथल्या फौजेसाठी विमानं वाहू लागली. लढाई संपल्यावर सरकारनेच तिचा पाट उतरवला, डोलकाठ्या परत लावल्या आणि तिला विकून टाकली. एका ग्रीक मालकाने वापरली, मग पनामाच्या निशाणाखाली कुणीतरी वापरली, आणि शेवटी आली माझ्या हाती. पाटाचे खांब जिथे होते तिथले बुजवलेले बोल्ट मला डेकवर पाय ठेवताक्षणी दिसले. त्याच दिवशी मी घरी वैनीला, नारूच्या बायकोला, पत्र टाकलं, की ती बोट आली आहे आणि मी तिचे माझ्या हाताने तुकडे करतोय.

बोटीचे तुकडे करून माझं समाधान होत नव्हतं, हे खरं. मला माणूस हवा होता.

पहिल्या दिवशी मी परकाराला तळाच्या टाक्यांत उतरवलं. बोटीच्या पोटाखाली तेलाच्या टाक्या असतात. माणूस आत रांगत जातो, रांगत बाहेर येतो. वर्षानुवर्षांचा गाळ डब्यात भरायचा आणि दोरीला बांधून वर द्यायचा. वासाने तरणे गडी ओकतात. परकार साठीला आलेला. संध्याकाळी तो वर आला तेव्हा दाढीसकट काळा झाला होता, आणि हातपाय धुवायला पिंपाकडे निघाला तर मी म्हटलं, "पिंप कटर लोकांचं आहे. तू खाडीत धू."

तो खाडीकडे गेला, मुकाट्याने.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकी. आमचा जगन्नाथ कटर माझ्याजवळ आला. शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मुकादम, म्हातारा दोनदा चक्कर येऊन पडला. त्याला वर घ्या, नाहीतर मरेल आत."

"मरू दे."

"काय केलंय तरी त्याने?"

"ते त्याला ठाऊक आहे."

जगन्नाथाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निघून गेला. मी टाकीच्या भोकाशी उभा राहून आतला खरवडण्याचा आवाज ऐकत होतो. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, अठरा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. फक्त एक गोष्ट खटकत होती. तो विनवण्या करत नव्हता. मला त्याच्या तोंडून हवं होतं, की नारूला मी मारलं. ते ऐकल्याशिवाय त्याला सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि ऐकल्यावर तर मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे काठावर उतरले. मी टाकीशी जाऊन म्हटलं, "परकार, वर ये. डेकवर."

आम्ही शिडीने वर गेलो. मी पुढे, तो मागे, धापा टाकत. मालाचा मधला खण आम्ही सकाळीच उघडा केला होता. वरचा पत्रा कापून नेलेला, खाली थेट तळापर्यंत चाळीस फुटांचा खड्डा, आणि तळाशी कापलेल्या लोखंडाच्या कडा. त्या खड्ड्याच्या काठाने चालत मी त्याला उजव्या अंगाला नेलं, कठड्यापाशी.

"ही जागा ओळखलीस?"

"ओळखली. तू इथे उभा होतास. मी तिथे, विंचवर." त्याने मागे बोट दाखवलं.

"मग सांग काय झालं ते."

"तूच सांग आधी," तो म्हणाला. "तुझं काय म्हणणं आहे ते तरी ऐकू दे. जगभर सांगत फिरलास, मला एकट्याला सांगितलं नाहीस."

मला असा राग आला की कानशिलं तापली. पण सांगितलं. त्रिंकोमालीचं बंदर, सन चव्वेचाळीस. बाजूला तराफा लावलेला, तराफ्यावर विमान, ते उचलून वर घ्यायचं. विंचवर, म्हणजे ओझं उचलायच्या यंत्रावर, परकार टिंडेल, आम्हा खलाशांचा नाईक. त्याला विंचवरून तराफा दिसत नव्हता, म्हणून मध्ये कठड्याशी मी. खालचा साहेब हुकूम देणार, मी तो ऐकून मागे ओरडणार, परकार विंच चालवणार. खाली तराफ्यावर नारू, विमान झोके घेऊ नये म्हणून त्याची दोरी धरून.

"त्याच्या दोन दिवस आधी तू नारूला सगळ्यांसमोर थोबाडीत मारलीस," मी म्हणालो. "आणि म्हणालास, याद राख."

"पेट्रोलच्या टाकीशेजारी विडी पेटवली होती त्याने. दोनशे माणसं उडाली असती. थोबाडीत मारली, तुझ्या भावाचा जीव वाचवला. पुढे सांग."

"विमान निम्म्यावर आलं. साहेबाने हुकूम दिला, हबेस. मी तुला दिला. आणि तू जपून उचलायचं सोडून असा हिसका दिलास, की साखळी तुटली आणि विमान नारूवर पडलं. चौकशी झाली, साहेब लोकांनी तुझ्याच नल्लीवर काळा शेरा मारला. तुझा गुन्हा नव्हता तर तुला का मारला, सांग."

नल्ली म्हणजे खलाशाची नोकरीची वही. तिच्यावर वाईट शेरा बसला की पुन्हा बोट मिळत नाही.

परकार खाली बसला. गुडघे धरून, हळूच. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"विमानाचं चाक कठड्याखाली अडकलं होतं," तो म्हणाला. "मला दिसत नव्हतं. तुला दिसत होतं का?"

"मी साहेबाकडे बघत होतो."

"मी कशाला हिसका देतोय? विंच नेहमीसारखीच चालवली. विमान अडकलेलं होतं, म्हणून साखळी तुटली. आता मला सांग, चाक अडकलेलं साहेबाला दिसतंय. तो समोर उभा आहे. असा साहेब उचल म्हणेल काय?"

"म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलं."

"साहेब कुठला होता तो?"

"नवीन. आमचा नेहमीचा तापाने पडला होता."

"नेहमीचा साहेब आपली बोली बोलायचा. उचल म्हणजे हबेस, सोड म्हणजे आरिया, थांब म्हणजे बस. वीस वर्षं खलाशांत काढलेली त्याने. हा नवा. याला आपलं एक अक्षर येत नव्हतं. चाक अडकलेलं पाहून तो घाबरला आणि त्याच्या भाषेत ओरडला." परकाराने मान वर केली. "तो म्हणाला, अवास्ट."

"म्हणजे?"

"इंग्रज खलाशी थांब म्हणायला अवास्ट म्हणतात. वारा होता, इंजिन चालू होतं. तो ओरडला अवास्ट, तू ऐकलंस हबेस. आणि मागे वळून मला ओरडलास, हबेस."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. "अठरा वर्षं बसून हे रचलंस होय रे? लाज वाटत नाही?"

"चौकशीत दुभाषा होता. त्याने साहेबाचा जबाब मला वाचून दाखवला. साहेब थांब म्हणाला असताना तू उचललंस का, असं विचारलं. तेव्हा मला कळलं. भावाच्या धक्क्याने तू दवाखान्यात पडला होतास, शुद्ध नव्हती, बरळत होतास. मी म्हणालो, माझ्या ऐकण्यात चूक झाली."

"खोटं."

"बरं, खोटं. साहेबाचा हात आठवतो तुला?"

आठवत होता. डोळे मिटले की रोज आठवायचा. पांढरा हात, डोक्याच्या वर उचललेला, पंजा सगळा उघडा. अठरा वर्षं मी त्या हाताचा अर्थ उचल असाच लावत आलो होतो. आणि सहा वर्षं मी स्वतः दारूखान्यात क्रेनवाल्याला खुणा करत होतो. उचलायचं तर एक बोट वर करून गोल फिरवायचं. उघडा पंजा वर केला की थांब. दिवसातून शंभर वेळा मी तो पंजा वर करत होतो.

मी कठडा धरला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगणार होतो. म्हटलं, भावाला नुकतं पाण्यात सोडलंय, पोराला जरा सावरू दे. मुंबईला उतरलो की बाजूला घेऊन सांगू, आणि हेही सांगू की तुझी चूक नाही, वाऱ्याची आहे. तशी दोन शब्दांची तयारी पण केली होती मी." त्याने बाहीने तोंड पुसलं. "मुंबईला उतरलो आणि धक्क्यावर, सगळ्या बोटीसमोर, तू माझ्या तोंडावर थुंकलास."

मी तोंड फिरवून खाडीकडे पाहिलं.

"मग खलाशांच्या खोल्याखोल्यांत जाऊन सांगितलंस, परकाराने माझ्या भावाचा खून केला. शेरा तर पाचसहा वर्षांत विसरले असते लोक. तुझं तोंड विसरू देईना. दर्यावर जन्म काढलेला माणूस मी, नंतर घर सोडून परक्या खाडीत तरीवर वल्ही मारली. गेल्या वर्षी माझ्या पोराला बोटीवर घ्यायला खलाशी भरणारा सारंग तयार होता. नाव ऐकलं आणि म्हणाला, खुन्याचा पोरगा नको. त्या दिवशी मी ठरवलं, आता सांगायचं. पण तुझ्या भल्यासाठी नाही."

"तीन दिवस गप्प का होतास? पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"तुला जेवढं करायचं तेवढं करू दिलं," परकार म्हणाला. "जेवढं जास्त करशील तेवढं पुढे जन्मभर झोंबेल. मला टाकीत घातलंस, बरं केलंस. पाणी नाही दिलंस, तेही बरं केलंस."

तो उठला आणि पाठ फिरवून खणाच्या काठाशी जाऊन उभा राहिला, खाली बघत. काठापासून हातभर अंतरावर. सगळे खाली जेवत होते. वर आम्ही दोघंच.

आता जे सांगतो ते मी फार थोड्यांना सांगितलंय. मला नारूची आठवण झाली नाही. वैनीची झाली. माझ्या डोक्यात एकच विचार आला, की ही गोष्ट जगात एकट्या या माणसाला ठाऊक आहे. चक्कर येणारा म्हातारा, जगन्नाथानेच पाहिलेला. पडला, तर कोण काय विचारणार? मी दोन पावलं पुढे गेलो. माझा हात त्याच्या पाठीजवळ पोचला होता.

"तुझ्या वैनीला माहीत आहे," तो म्हणाला. वळलासुद्धा नाही.

हात तिथेच राहिला.

"इथे यायच्या आधी असगोलीला गेलो होतो. आधी तिला सांगितलं. तिनेच तुझं पत्र दाखवलं, तू कुठे आहेस ते सांगितलं. म्हणाली, त्यांना जाऊन सांगा आणि घरी पाठवून द्या." मग तो वळला. माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. "आत्ता ढकलणार होतास ना? तीन दिवस भावासाठी मारत होतास, ते मी समजू शकतो. हे कुणासाठी होतं?"

मी त्याच्या पायाशी वाकायला गेलो. तो मागे सरला.

"माफी मागू नको. मी देणार नाही."

तो शिडीने उतरला, एकेक पायरी चाचपत. खाली जगन्नाथाने त्याला धरलं आणि पिंपाकडे नेलं. तो हातपाय धुताना मी वरून बघत राहिलो. त्यानंतर हुसेन परकार मला कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आगबोट धरली. दाभोळला उतरलो, तरीने धोपाव्याला आलो, तिथून चालत. तरीवर वल्ही मारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. घरी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. सगुणावैनी अंगणात सुकट उलटत होती. नारू गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. माहेरी गेली नाही. माझं लग्न तिने लावलं, माझी मुलं तिने वाढवली, आणि परकाराला शिव्याशाप मी शिकवले तसे अठरा वर्षं दिले.

"आलात?" ती म्हणाली.

"तुला कळलंय ना सगळं, वैनी."

"कळलंय. पण ते परक्याच्या तोंडून. तुम्ही सांगा."

मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. साहेब काय ओरडला, मी काय ऐकलं, मी काय ओरडलो. परकाराला टाकीत घातलं तेही सांगितलं. खणाच्या काठावरचंही सांगितलं, काही ठेवलं नाही. मी बोलत होतो आणि ती सुकट उलटत होती. एक पाटी झाली की दुसरी घ्यायची.

"झालं सांगून?"

"झालं."

"हातपाय धुवा. वाढते."

तिने वाढलं. मी जेवलो. मला वाटलं, बाई मोठ्या मनाची आहे, गिळलं तिने. पुढच्या महिन्यात मी मुंबईला जाऊन ज्या ज्या खोल्यांत परकाराचं नाव घेतलं होतं त्या त्या खोल्यांत स्वतःचं घेतलं. काहींनी ऐकलं, काही हसले. परकाराच्या पोराला दोन वर्षांनी बोट मिळाली, असं कानावर आलं. ते मी वैनीला सांगायला गेलो तर ती उठून परसात गेली.

मग माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापासून तिने मला भावजी म्हणून हाक मारली नव्हती. नंतर नंतर तर सरळ बोलणंच बंद झालं. मी समोर बसलेला असलो तरी माझ्या बायकोला सांगायची, त्यांना विचार भात हवा काय. दोन्ही वेळ वाढायची, माझे कपडे धुवायची, मी आजारी पडलो तर काढा करून ठेवायची. दरवर्षी ईदेला दाभोळला परकाराच्या घरी माणसाहाती पाच नारळ पाठवायची. मी एकदा म्हटलं, वैनी, शिव्या दे, मार मला, पण बोल. तिने माझं ताट उचललं आणि आत गेली.

ती आणखी नऊ वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत अन्न सुटलं होतं, फक्त पाणी घ्यायची. सगळे आजूबाजूला बसलो होतो. भटजी म्हणाले, घरातल्या कर्त्या पुरुषाने तोंडात गंगा घालावी. मी चमचा पुढे केला. तिचे डोळे उघडे होते आणि ती मला चांगली ओळखत होती. तिने दात घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळून उशीत गेलं. मी पुन्हा चमचा भरला, तिने पुन्हा दात मिटले. मग माझ्या बायकोने चमचा माझ्या हातून काढून घेतला, आणि तिच्या हातून वैनी पाणी प्यायली.